आगीला धावणारं गाव

टेक्सस राज्यात वेको शहराच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर वेस्ट नावाचं गाव आहे. डॅलसहून ऑस्टिनकडे जाणारा महामार्ग गावाला चाटून जातो आणि त्यावरून जाणारे बहुतेक लोक इथं थांबतात ते कोलाचे खायला. कोलाचे म्हणजे मधोमध फळांचा मुरंबा भरलेला गोडसर पाव. इथं येऊन वसलेल्या चेक शेतकऱ्यांनी तो आणला. त्यांची आडनावं आणि बेकऱ्या अजून टिकून आहेत. २०१० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या भरली २,८०७. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते आणि आग लागलीच तर तालुक्याच्या नगरपालिकेचा नाहीतर जवळच्या साखर कारखान्याचा बंब येईपर्यंत बादल्या आणि विहिरीवरची मोटर, एवढाच आधार. वेस्टला मात्र महापौर होता, नगरसचिव होता आणि स्वतःचे बंब बाळगणारं अग्निशमन दलही होतं. दलात तीसेक माणसं होती. हे काम त्यांतल्या कोणाचंच पोटापाण्याचं नव्हतं.

अमेरिकेत ही गोष्ट अपवाद नाही. सिनेमांमुळे आपल्या ओळखीचा झालेला फायरमन न्यूयॉर्क-शिकागोचा असतो. तो ठाण्यात राहतो, खांबावरून घसरत खाली येतो, त्याला पगार आणि पेन्शन असते. देशाच्या मानानं तो अल्पसंख्य आहे. तिथल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं २०२० साठी केलेल्या अंदाजानुसार देशात १०,४१,२०० अग्निशामक होते आणि त्यांतले ६,७६,९०० स्वयंसेवक. म्हणजे तिघांत जवळजवळ दोघं असे, की जे दिवसा सुतारकाम करतात, शाळेत शिकवतात, गॅरेज चालवतात आणि सायरन झाला की हातातलं टाकून निघतात.

निघतात म्हणजे काय करतात, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. कोणीतरी ९११ ला फोन करतो. परगण्याच्या नियंत्रण कक्षातला माणूस पत्ता टिपून त्या गावाच्या दलाचा विशिष्ट सूर वायरलेसवर सोडतो. तो सूर ऐकून कमरेचे पेजर वाजतात. काही गावांत पाण्याच्या टाकीवरचा जुना भोंगाही अजून वाजतो. ठाणं म्हणजे बहुधा एक मोठी पत्र्याची शेड. आत दोन-तीन बंब आणि भिंतीलगत प्रत्येकाच्या नावाचा कप्पा. कप्प्यात बूट उभे असतात आणि पँटचे पाय त्या बुटांवरच खाली गोळा करून ठेवलेले असतात. येणाऱ्यानं दोन्ही पाय सरळ बुटांत घालायचे, पँट वर ओढायची, पट्टे खांद्यावर चढवायचे, मग डोकं झाकणारा आगरोधक बुरखा, कोट, हेल्मेट. सराव झालेल्या माणसाला मिनिटभर पुरतं. त्यावर पाठीला हवेचा सिलिंडर. त्यात ऑक्सिजन असतो असा सार्वत्रिक समज आहे, पण असते ती साधी, दाबून भरलेली हवा. शुद्ध ऑक्सिजन पाठीवर घेऊन कोणी आगीत शिरणार नाही. अर्ध्या तासाचा म्हणून भरलेला सिलिंडर धापा टाकणाऱ्या माणसाला तेवढा वेळ पुरत नाही. हा सगळा जामानिमा वीस किलोंच्या वर जातो.

जो आधी पोचेल तो बंब बाहेर काढतो. बाकीचे आपापल्या गाडीनं थेट आगीच्या जागी जातात. खेड्यात हायड्रंट मोजकेच असल्यामुळे पाण्याचा टँकर वेगळा निघतो, आणि गवत पेटलं असेल तर मागे टाकी बसवलेली छोटी गाडी, जी शेतात उतरू शकते. शेजारच्या गावाचं दल मदतीला बोलावलं जातं. त्यांचं दल अपुरं पडलं तर हे जातात. आता आगीपेक्षा जास्त हाका दुसऱ्याच कारणांसाठी येतात: महामार्गावरचे अपघात, छातीत कळ आलेले म्हातारे, तोल जाऊन पडलेल्या आज्या. दलाचं नाव अग्निशमन राहिलं, काम बरंचसं रुग्णवाहिकेचं झालं.

या व्यवस्थेचं दुखणं एका प्रश्नात आहे. पेजर वाजल्यावर येणार किती जण? रात्री दोनला वाजला तर बरेच येतील, कारण सगळे घरी झोपलेले असतात. मंगळवारी दुपारी अकराला वाजला तर? गावातली धडधाकट माणसं त्या वेळी तीस-चाळीस किलोमीटरवरच्या शहरात नोकरीवर असतात. शेती आणि दुकानं होती तेव्हा माणसं गावात होती. ती बाहेर पडू लागली तशी दलं म्हातारी होत गेली. तरुण गडी मिळत नाहीत ही तक्रार आता देशभर आहे. आपल्याकडच्या गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना ती ओळखीची वाटेल.

पैशाची बाजूही अशीच लोकांच्या जिवावर. थोडा कर मिळतो, थोडं अनुदान. टेक्ससमध्ये राज्याचं वनखातं २००१ पासून ग्रामीण दलांना बंब आणि साहित्यासाठी मदत देतं. बाकीचं बार्बेक्यूची ताटं विकून, बिंगोचे खेळ लावून, सकाळी पॅनकेकचा नाश्ता घालून उभं करायचं. बंबाची किंमत लाखो डॉलरमध्ये असते. इतकी ताटं विकायला किती रविवार लागतील याचा हिशोब वाचकानं करून पाहावा. म्हणून मोठ्या शहरानं काढून टाकलेला बंब विकत घेऊन तो आणखी पंधरा-वीस वर्षं पळवायचा, ही रीत.

या रीतीचं मूळ शोधत गेलं की बेंजामिन फ्रँकलिनपाशी येऊन थांबावं लागतं. ७ डिसेंबर १७३६ रोजी त्यानं फिलाडेल्फियात ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन केली. त्याच्या आधी बॉस्टनमध्ये आगीच्या वेळी एकमेकांचं सामान वाचवण्यासाठी मंडळ्या होत्या, पण त्यांची मदत सभासदांपुरती असे. फ्रँकलिनच्या मंडळीनं सभासद असो-नसो, आग लागेल तिथं जायचं ठरवलं. तीसेक सभासद. प्रत्येकानं चामड्याच्या बादल्या आणि सामान भरून बाहेर काढायला मजबूत पिशव्या नि टोपल्या तयार ठेवायच्या. महिन्याला एक बैठक आणि गैरहजर राहणाऱ्याला दंड. त्या दंडातून बंब, शिड्या आणि आकडे विकत घेतले गेले. फ्रँकलिनच्या इतर उद्योगांत या दंडाच्या युक्तीची फारशी वाखाणणी होत नाही, ती व्हायला हवी. लोकांच्या चांगुलपणावर संस्था उभी करायची, पण हजेरीपट चांगुलपणावर सोडायचा नाही, हे त्याला बरोबर कळलं होतं.

शंभर वर्षांत शहरांत या मंडळ्यांचं रूप बिघडलं. आगीवर आधी कोण पोचतं यावरून मारामाऱ्या, आणि मारामाऱ्यांतून राजकारण. न्यूयॉर्कच्या नगरपालिकेला लुटणारा कुप्रसिद्ध पुढारी विल्यम ट्वीड ‘अमेरिकस इंजिन कंपनी’ या स्वयंसेवी दलाचा म्होरक्या होता आणि तिथूनच वर चढला. मग वाफेवर चालणारे बंब आले. त्यांना हात मारायला पन्नास माणसांची गरज उरली नाही, गरज उरली ती चार जाणत्या माणसांची. १ एप्रिल १८५३ रोजी सिनसिनाटीनं पूर्णपणे पगारी दल सुरू केलं, १८६५ मध्ये न्यूयॉर्कनं तोच मार्ग धरला. शहरं पगारी झाली, गावं फ्रँकलिनच्याच पद्धतीवर राहिली. जर्मनी आणि ऑस्ट्रियात चित्र याहून वेगळं नाही. ऑस्ट्रियात तर पगारी दल असलेली शहरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. चिलीत राजधानी सान्तियागोची आगसुद्धा स्वयंसेवकच विझवतात, आणि दलात असणं तिथं प्रतिष्ठेचं मानलं जातं.

आता पुन्हा वेस्टला.

१७ एप्रिल २०१३, बुधवार. संध्याकाळी ७ वाजून २९ मिनिटांनी पहिला फोन आला. गावाच्या कडेला असलेल्या ‘वेस्ट फर्टिलायझर कंपनी’च्या इमारतीतून धूर येत होता. ही कंपनी कारखाना म्हणून ओळखली जात असली तरी खत बनवत नसे, आसपासच्या शेतकऱ्यांना विकत असे. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातलं खत-बियाण्यांचं दुकान बरंच मोठं करून पाहावं, तसा तो मामला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती उभी राहिली तेव्हा भोवती शेतं होती. पुढे गावच तिच्याकडे सरकत गेलं. वृद्धाश्रम आला, दोन मजली फ्लॅटची इमारत आली, शाळा आली. कोणाला काही वावगं वाटलं नाही. तिथं काम करणारे, तिथून खत नेणारे आणि शेजारी राहणारे सगळे एकमेकांच्या घरातले होते.

दलात कोण होतं ते पाहिलं की हे आणखी कळतं. महापौर टॉमी मस्का स्वतः दलाचे सदस्य होते. नगरसचिव दलात होते. दोन सख्खे भाऊ दलात होते. त्या खताच्या कंपनीत नोकरी करणारा एक जणही दलात होता. आग कुणा परक्याच्या मालमत्तेला लागली नव्हती.

दल काही मिनिटांत पोचलं. आग बियाणं ठेवलेल्या खोलीच्या बाजूनं सुरू झालेली. इमारत लाकडी सांगाड्याची. खत साठवायचे कप्पेही लाकडीच. छतात पाण्याचे फवारे नव्हते. हायड्रंट लांब, म्हणून नळीवर नळी जोडत न्यावी लागली. शेजारच्या गावांतले स्वयंसेवक आले. जवळच चालू असलेल्या रुग्णसेवेच्या प्रशिक्षण वर्गातले विद्यार्थी उठून आले. दलात नसलेले दोन गावकरी मदतीला धावले. डॅलसच्या पगारी अग्निशमन दलातले एक कॅप्टन वेस्टमध्ये राहत. सुट्टीवर असूनही तेही आले. वृद्धाश्रमात शंभरावर म्हातारी माणसं होती, त्यांना आगीपासून लांबच्या बाजूला हलवायला सुरुवात झाली. सगळ्यांच्या मनात भीती होती ती आवारातल्या अमोनियाच्या टाक्यांची. टाकी फुटली तर विषारी वायू गावात शिरेल. अमोनियाचा वास गावाला माहीत होता, त्याच्या गळतीचा विचार कंपनीच्या आपत्कालीन योजनेतही केलेला होता.

टाक्यांना काही झालं नाही. ७ वाजून ५१ मिनिटांनी फुटलं ते लाकडी कप्प्यातलं अमोनियम नायट्रेट. पहिल्या फोनपासून बावीस मिनिटं. जमिनीत २८ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल खड्डा पडला. भूकंपमापकांवर २.१ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. १५ माणसं गेली. त्यांतली १२ आगीकडे धावलेली होती: वेस्टच्या दलातले पाच जण, शेजारच्या गावांतले आणि प्रशिक्षण वर्गातले, डॅलसचे कॅप्टन आणि ते दोन गावकरी. नगरसचिव गेले, दोन्ही भाऊ गेले, कंपनीत नोकरी करणाराही गेला. २६० हून जास्त लोक जखमी झाले. दीडशेच्या वर इमारती पडल्या किंवा मोडकळीला आल्या, त्यात शाळाही होती. संध्याकाळ होती म्हणून शाळा रिकामी होती, एवढंच.

अमोनियम नायट्रेट हा मोठा विचित्र पदार्थ आहे. पांढरे दाणे, हाताला साधे, वर्षानुवर्षं शेतात पडतात. ते स्वतः ज्वलनशील नाहीत. काडी लावली तर पेटत नाहीत. पण त्यांच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. तापत गेले की १७० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात, २०० च्या पुढे विघटन पावू लागतात, आणि तो ऑक्सिजन भोवतालच्या आगीला मिळतो. म्हणून हवा कोंडून ही आग विझत नाही. उलट कोंडली तर वाढते. त्यात काजळी, तेल, वितळलेलं प्लास्टिक असं काही मिसळलं आणि तापमान चढलं, तर एका क्षणी सगळा ढीग स्फोटकासारखा वागतो. तो क्षण कधी येईल ते बाहेर उभ्या असलेल्या माणसाला सांगता येत नाही. उपाय दोनच आहेत. अगदी सुरुवातीला प्रचंड पाणी ओतायचं. ते जमत नसेल किंवा आग ढिगापर्यंत पोचली असेल तर सगळं सोडून लांब पळायचं आणि आसपासच्या माणसांनाही पळवायचं. अर्धवट पाणी घेऊन जवळ उभं राहायचं नाही. वेस्टच्या स्वयंसेवकांना हे कोणी शिकवलं नव्हतं.

वेस्टची चौकशी अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डानं केली आणि जानेवारी २०१६ मध्ये अहवाल दिला. त्यातला ठपका स्वयंसेवकांच्या धाडसावर नाही. या जागेत आग लागली तर काय करायचं याची आखणी दलानं आधी केलेली नव्हती, खताच्या स्फोटाची शक्यता बहुधा माहीत नव्हती आणि तसं प्रशिक्षणही नव्हतं, असं तो सांगतो. टेक्ससमध्ये पगारी अग्निशामकाला राज्याच्या परीक्षा द्याव्या लागतात, स्वयंसेवकाला लागत नाहीत. त्यांना सक्ती केली तर आहेत तेही जातील, ही भीती. भीती खोटी नाही. आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवार प्रशिक्षणाला देणारा माणूस किती वर्षं देईल?

एवढ्यावर थांबून ‘हौशी माणसं होती, म्हणून मेली’ असा निष्कर्ष काढणारेही होते. मला तो आळशी निष्कर्ष वाटतो. डॅलसचे कॅप्टन हौशी नव्हते. तीस वर्षं त्यांनी मोठ्या शहराच्या पगारी दलात काढली होती आणि तेही त्याच आवारात उभे होते. आणखी मागे गेलं तर पगारी आणि बिनपगारी हा भेद या पदार्थापुढे टिकतच नाही.

१६ एप्रिल १९४७. टेक्ससमध्येच, समुद्रकाठच्या टेक्सस सिटी बंदरात ‘ग्रँडकँप’ हे फ्रेंच जहाज उभं होतं. पोटात सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट, कागदी पोत्यांत. युद्धात दारूगोळा बनवणारे कारखाने आता युरोपच्या उपाशी शेतांसाठी खत बनवत होते, त्यातलाच हा माल. सकाळी आठच्या सुमाराला धूर दिसला. पाण्यानं माल खराब होईल म्हणून कप्तानानं झडपा बंद करून आत वाफ सोडायला सांगितलं. हवा तोडली की आग विझते, हे त्याचं शिक्षण. आणि इतर कुठल्याही मालाला ते लागू पडलं असतं. नारिंगी धूर पाहायला किनाऱ्यावर गर्दी जमली. टेक्सस सिटीचं स्वयंसेवी दल पाण्याच्या नळ्या घेऊन जहाजाशी भिडलं. ९ वाजून १२ मिनिटांनी जहाज फुटलं. दलातल्या २८ जणांपैकी २७ जण गेले. एकूण मृतांचा आकडा ५८१ धरला जातो.

त्याच्या बरोबर तीन वर्षं आणि दोन दिवस आधी आपल्या मुंबईत व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ फुटलं होतं. १४ एप्रिल १९४४. जहाजावर चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. दुपारी गासड्यांतून धूर येऊ लागला. धोकादायक माल असल्याचा लाल बावटा जहाजावर नव्हता. पाणी मारणं चालू राहिलं, जहाज समुद्रात ओढून न्यायचं की बुडवायचं याचा निर्णय कोणी घेईना, आणि चारच्या ठोक्यानंतर सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. ते पगारी होते, तरबेज होते. त्यांच्यासाठीच १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि त्या आठवड्यात जवान शाळाशाळांतून प्रात्यक्षिकं करतात. आणि अलीकडे, ४ ऑगस्ट २०२० ला, बैरूत बंदरात गोदामाला आग लागल्याची वर्दी आल्यावर शहराच्या पगारी दलातली दहा माणसं पाठवली गेली. गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट सहा वर्षं पडून होतं. पाठवलेल्यांना ते सांगितलेलं नव्हतं. दहाही जण गेले.

तेव्हा प्रश्न राहतो तो माहितीचा. आत काय आहे हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कोणी सांगायचं? याचं उत्तर अमेरिकेच्या कायद्यात १९८६ पासून आहे, आणि ते तिथं आलं भोपाळमुळे. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटलं तेव्हा भोपाळच्या डॉक्टरांना आपण कशावर उपचार करतोय हेही ठाऊक नव्हतं. त्याच कंपनीचा तसाच कारखाना अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात होता आणि १९८५ मध्ये तिथंही वायुगळती झाली. लोक हादरले आणि काँग्रेसनं कायदा केला: धोकादायक रसायनं ठेवणाऱ्या प्रत्येकानं दरवर्षी काय आणि किती आहे ते राज्याला, परगण्याच्या आपत्ती समितीला आणि स्थानिक अग्निशमन दलाला लेखी कळवायचं. वेस्टच्या कंपनीनंही फॉर्म भरला होता. २०१२ साठी तिनं अमोनियम नायट्रेटचा जास्तीत जास्त साठा २७० टन दाखवला होता. आगीच्या दिवशी त्याचा लहानसा हिस्साच, चाळीस ते साठ टन, इमारतीत होता आणि त्यातलाही सगळा फुटला नाही.

म्हणजे आकडा सरकारदरबारी होता. तो आकडा वाचून, त्याचा अर्थ लावून, ‘इथं आग लागली तर जवळ जाऊ नका, वृद्धाश्रम रिकामा करा’ असं पेजरच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला सांगणारं कोणी नव्हतं. बरं, दलानं मनावर घेऊन कंपनीला इमारत बदलायला लावली असती का? तेही शक्य नव्हतं. टेक्ससच्या कायद्यानं अडीच लाखांपेक्षा कमी वस्तीच्या बहुतेक परगण्यांना स्वतःची अग्निसुरक्षा नियमावली करायलाच मनाई होती, आणि वेस्टच्या मॅक्लेनन परगण्याची वस्ती सव्वादोन लाखांच्या थोडी वर. लाकडी कप्पे बेकायदा नव्हते. फवारे नसणं बेकायदा नव्हतं. कंपनीचा दायित्व विमा फक्त १० लाख डॉलरचा होता. एका गावाच्या नुकसानीपुढे ती रक्कम नगण्य, पण तीही कायद्याला धरून.

२५ एप्रिलला वेकोच्या बेलर विद्यापीठात शोकसभा झाली, राष्ट्राध्यक्ष ओबामा आले. शवपेट्या, झेंडे, बंबांची रांग असं सगळं यथासांग झालं. मेलेल्यांना वीर म्हटलं गेलं, आणि ते होतेच. मात्र वीर म्हटलं की पुढचा प्रश्न विचारणं असभ्य ठरतं, आणि ज्यांना तो विचारायचा त्यांची त्यात सोय असते. वेस्टच्या बाबतीत हे बरंचसं घडलं. टेक्ससनं कायदा केला तो दोन वर्षांनी, २०१५ मध्ये: खत न जळणाऱ्या कप्प्यात ठेवायचं, जळाऊ वस्तूंपासून नऊ मीटर लांब, आणि अग्निसुरक्षा अधिकाऱ्याला आत जाऊन पाहायचा हक्क. २०१६ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणेनं आग मुद्दाम लावली होती असं जाहीर केलं, पण ती लावल्याचा आरोप कोणावर ठेवला गेला नाही. गावात अनेकांना तो निष्कर्ष पटलेला नाही. तसं पाहिलं तर आग कशी लागली याला फार महत्त्वही नाही. आगी लागतातच, तीस टनांचा स्फोट होणं टाळता येतं.

भारतानं या एका पदार्थापुरतं कडक धोरण घेतलं. अमोनियम नायट्रेटला २०११ मध्ये स्फोटक ठरवलं आणि २०१२ च्या नियमांनुसार ते बनवायला, ठेवायला, वाहून न्यायला परवाना लागतो. म्हणून आपल्या खतविक्रेत्याच्या गोदामात ते शुद्ध रूपात मिळणार नाही. आपल्याकडचा धोका दुसरीकडे आहे: भंगाराच्या गल्लीत, फटाक्यांच्या साठ्यात, औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये बिनपाटीच्या पिंपांत. तिथंही धावणाऱ्या जवानाला आत काय आहे ते कोणी सांगत नाही, आणि तो पगारी असल्यानं त्याचं ज्ञान वाढत नाही.

वेस्टचं दल पुढेही स्वयंसेवीच राहिलं. माणसं गेली तेव्हा नवी माणसं नाव नोंदवायला आली. केमिकल सेफ्टी बोर्डाच्या अहवालात मात्र एक नोंद आहे, जी कुठल्याही शोकसभेत वाचली गेली नाही. पाच टनांच्या आसपास किंवा त्याहून जास्त अमोनियम नायट्रेट ठेवणाऱ्या टेक्ससमधल्या जागा बोर्डानं तपासल्या, तेव्हा त्यांतल्या १९ जागा शाळेपासून, रुग्णालयापासून किंवा वृद्धाश्रमापासून अर्ध्या मैलाच्या आत होत्या.